सिग्नल बंद, चौक सुरळीत! हे कसं काय?

गोदाकाठचा
मंडळी, नाशिकच्या सिडकोत आमच्या घराजवळ एक चौक आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर धागा पत्त्यावरच भरकटेल. चार रस्ते, त्यातले दोन तिरके. एका कोपऱ्यावर रिक्षा स्टँड, दुसऱ्यावर वडापावची गाडी. संध्याकाळी साडेसहाला तिथून निघायला मला सहा-सात मिनिटं लागतात, सिग्नल धडधाकट असताना.

मागच्या सोमवारी सिग्नल बंद पडला. म्हटलं, आज घरी पोचायला नऊ वाजणार. झालं उलटंच. कुठेही पाय न टेकवता, नुसता वेग कमी करत दीडेक मिनिटात पार. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. पोलीस नाही, शिट्टी नाही. दुचाक्या, रिक्षा, अंबडहून सुटलेले टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, सगळं एकमेकांत शिरत होतं आणि कुणी कुणाला घासत नव्हतं. शुक्रवारी सिग्नल दुरुस्त झाला आणि तेव्हापासून पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. कुणी नेमलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही, मग शिस्त आली कुठून? मुंग्यांची रांग, पाखरांचे थवे यातलाच हा प्रकार का? याला शास्त्रात काही नाव आहे का? आणि असं आपोआप होत असेल तर सिग्नल, साहेब, समित्या हा सगळा गोतावळा आपण पोसतो कशाला?

तर्री_जास्त
मी पयला! जागा धरून ठेवतो, मिसळ आली की वाचतो.

शाईपेन
सहा-सात मिनिटं म्हणजे काहीच नाही हो. आपल्या द्वारका चौकात या एकदा. माझा मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला.

मुळाक्षर
नाव आहे, स्वयंसंघटन. पण नावाने काही कळत नाही, म्हणून आधी स्वयंपाकघरात चला.

कुकर न लावता पातेल्यात भात केलाय कधी? पाणी आटत आलं की भातावर भोकं पडतात. माझी आई त्यांना भाताचे डोळे म्हणायची. ती भोकं एकदा निरखून बघा, साधारण सारख्या अंतरावर असतात. आईने काही पट्टी लावून पाडलेली नसतात. वाफेला वर यायचं असतं. जिथे शितं जरा सैल, तिथून ती आधी निसटते. निसटताना शितं बाजूला सारते, वाट रुंद होते, म्हणून आणखी वाफ तिकडेच वळते. आजूबाजूची वाफ अशी त्या वाटेने पळवल्यामुळे अगदी शेजारी दुसरं भोक पडत नाही, पडतं ते थोडं लांब. मळलेली वाट आणखी मळते आणि शेजारी उपाशी राहतो, एवढ्या दोन गोष्टींवर अख्ख्या पातेल्याची रांगोळी उठते. कुठल्याही शिताला पातेल्याचा नकाशा ठाऊक नसतो.

अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५२ साली हाच विचार रसायनांसाठी गणितात मांडला. एक द्रव्य स्वतःलाच वाढवणारं, दुसरं त्याला दाबणारं पण जास्त लांब पसरणारं. दोन्ही एकत्र आली की एकसारख्या मिश्रणातून ठिपके आणि पट्टे उमटू शकतात. प्राण्यांच्या अंगावरच्या नक्षीचं कोडं त्याला तिथून सुटेल असं वाटत होतं.

त्याच्याही आधी, १९०० साली, आंरी बेनार या फ्रेंच माणसाने द्रवाचा अगदी पातळ थर खालून तापवला. ठरावीक मर्यादेपर्यंत उष्णता गुपचूप वर जाते. खालच्या-वरच्या तापमानातला फरक त्यापलीकडे गेला की द्रव हलायला लागतो आणि पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखे षट्कोन दिसतात. पातळ थरात त्यामागे पृष्ठताणाचा हात मोठा असतो, हे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. कढईत तेलाचा थर तापवून त्यात चिमूटभर हळद टाका, षट्कोन नाही तरी तेलाची फिरकी दिसेल. फक्त तेल धुरावायच्या आत गॅस बंद करा. मी केला नव्हता. सौ. ना अजून आठवतं.

द्विधा
पण एन्ट्रॉपी, म्हणजे पसारा, वाढतच जाते ना? उष्मागतिकीचा दुसरा नियम? मग आपोआप व्यवस्था लागणं म्हणजे नियमभंगच की.

मुळाक्षर
@द्विधा, गॅस चालू आहे हे विसरलात. तो नियम दारं-खिडक्या बंद असलेल्या घरासाठी आहे. पातेल्यात खालून उष्णता येतेय आणि वरून वाफ जातेय. आत थोडी नक्षी उमटते, त्याच्या बदल्यात बाहेर जास्त पसारा होतो, हिशेब चुकता. गॅस बंद करा, षट्कोन गायब. इल्या प्रिगोजिनला १९७७ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. ऊर्जा खात राहिलं तरच टिकणाऱ्या रचना. तुम्ही-आम्हीही त्यातलेच, दोन वेळा जेवलो नाही की आपलेही षट्कोन विस्कटतात.

तर्री_जास्त
मिसळ आली. तर्रीत षट्कोन दिसत नाहीयेत. पैसे परत मागू का?

भोरडी
पाखरांचा विषय निघालाच आहे तर. दरवर्षी हिवाळ्यात मी नांदूर मध्यमेश्वरला जाते (रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, नाशिककरांनी एवढी फुशारकी मारायला हरकत नाही). बदकं-करकोचे बघायला सगळेच येतात. मी थांबते सूर्य कलल्यावर, भोरड्यांसाठी, म्हणजे गुलाबी मैनांसाठी. आधी पंचवीस-तीस, मग कुठून कुठून येऊन मिळत जातात आणि पंधरा मिनिटांत आभाळात एक चादर झटकल्यासारखी होते. ससाणा आला की चादरीला मधोमध खळगा पडतो आणि क्षणात बुजतो.

मला वाटायचं, पुढे कुणीतरी म्होरक्या असणार. नसतो. क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ मध्ये संगणकावर दाखवलं की प्रत्येक पाखराला तीनच सवयी दिल्या तरी थवा तयार होतो: शेजाऱ्यावर आदळू नको, शेजारी जिकडे चाललेत तिकडेच चाल, आणि फार एकटा पडू नको. पुढे रोममध्ये खऱ्या मैनांच्या थव्यांची छायाचित्रं घेऊन अभ्यास झाला, त्यात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात निघालं की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात जणांकडेच लक्ष ठेवतो. ते सहा-सात हाताच्या अंतरावर असोत की लांब. म्हणूनच थवा ताणला गेला तरी तुटत नाही.

गोदाकाठचा, तुमच्या चौकातही तुम्ही आजूबाजूच्या सहा-सात गाड्याच बघत होतात ना?

गोदाकाठचा
@भोरडी ताई, खरं सांगायचं तर मी पुढच्या रिक्षाचा आरसा बघत होतो. रिक्षावाला मला बघत नव्हता, हेही तितकंच खरं.

दहीपूल
मूळ मुद्द्यावर येऊ. हायेक या अर्थतज्ज्ञाने हेच सांगितलं, एक व्यवस्था बनवलेली असते आणि एक उगवलेली. भाषा, बाजार, पैसा, हे कुणी टेबलावर बसून बनवलं नाही. मराठी व्याकरण आधी आलं की मराठी बोलणारा? नेदरलँड्सच्या द्राख्तेन गावात हान्स मोंडरमन नावाच्या वाहतूक अभियंत्याने मुख्य चौकातले सिग्नल काढून टाकले आणि लोक एकमेकांच्या डोळ्यांत बघून गाडी चालवायला लागले. आपल्याकडेही काढा सगळे. माणसाला मोकळं सोडलं की तो नीट वागतो.

उन्हाळ_कांदा
@दहीपूल, मोकळं सोडलं की काय होतं ते निफाडला येऊन बघा.

मी कांदावाला. लासलगावच्या लिलावात भाव कसा फुटतो ते मी लहानपणापासून बघतोय. ट्रॉल्यांची रांग लागते, व्यापाऱ्यांचा घोळका एकेक ट्रॉलीपाशी येतो, कुणी मूठभर कांदा उचलून दाबून बघतं, पुकारा होतो, अर्ध्या मिनिटात तुमच्या चार महिन्यांचा आकडा चिठ्ठीवर. तो आकडा कुण्या एकाने ठरवलेला नसतो, हे मान्य. दुबईत काय चाललंय, बंगालात पाऊस किती, आज आवक किती, सगळं त्यात येतं. तुमच्या पुस्तकातली उगवलेली व्यवस्था तीच.

आता तिची दुसरी बाजू. एका वर्षी भाव चांगला लागला की पुढच्या वर्षी जो तो कांदा लावतो. मी लावतो, शेजारी लावतो, ज्याने आयुष्यात द्राक्षाशिवाय काही केलं नाही तोही लावतो. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाणाच असतो. सगळ्यांचा कांदा एकदम येतो आणि भाव मातीत. मग पुढच्या वर्षी कुणी लावत नाही, भाव आभाळात. झोपाळा सुरूच. यालाही कुणी म्होरक्या नाही, हीही आपोआप लागलेली शिस्तच आहे. वर डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी येते, ती पुढच्या मेमध्ये उठली तोवर माझा लाल कांदा होता त्या भावाला जाऊन चुकला होता. म्हणजे आपोआप झालं तरी मेलो आणि कुणी हात घातला तरी मेलो. कांदाचाळीत सडलेल्या कांद्याचा वास घेऊन मग म्हणा, मोकळं सोडा.

भोरडी
+१. थव्यातल्या पाखरालाही ससाण्यापासून वाचायचं असतं, थवा सुंदर दिसावा ही काही त्याची इच्छा नसते.

काचकंगोरा
कोंडीसुद्धा आपोआपच होते की! जपानमध्ये सुगियामा आणि मंडळींनी २००८ साली प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सांगितलं एवढंच की ताशी ३० च्या वेगाने चालवा. सिग्नल नाही, खड्डा नाही, गाय नाही. थोडा वेळ सुरळीत, मग कुणीतरी किंचित ब्रेक लावला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी. शेवटी काही गाड्या चक्क उभ्या. आणि ती कोंडी लाटेसारखी उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. म्हणजे कोंडी हीसुद्धा स्वयंसंघटनाचाच नमुना. चौक सुटला की आपण शास्त्र म्हणतो, अडकला की शिव्या देतो.

शाईपेन
गाय नाही? मग तो प्रयोग आपल्याला लागू नाही.

पाटकऱ्याचा_नातू
बराच वेळ नुसता वाचत होतो. आता राहवत नाही.

मी बागलाणचा. आमच्याकडे मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत आहे, धुळ्याकडे पांझरेवरही आहे. तीनशे-चारशे वर्षं जुनी म्हणतात. नदीवर बुटका बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली जेवढी जमीन भिजते तिला थळ म्हणतात. थळाचे फड पाडलेले, बहुतेक ठिकाणी चार. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात हंगामी पीक, असं फिरत राहतं. मुख्य खुबी पुढे आहे. शेतकऱ्याची पट्टी सगळ्या फडांत असते. पाणी कमी पडलं की एक फड पड ठेवतात, म्हणजे तोटा सगळ्यांनाच होतो, वरच्याला कमी नि खालच्याला जास्त असं होत नाही. आणि पाणी शेतकरी स्वतः भरत नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो सगळ्यांच्या पट्ट्या ओळीने भिजवत जातो, मोबदला धान्याच्या रूपात.

माझे आजोबा पाटकरी होते. एलिनोर ऑस्ट्रमला २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा आमचे प्राध्यापक वर्गात म्हणाले, बघा, वरून सरकार नको, बाजार नको, लोक सामाईक गोष्ट आपापली सांभाळतात. मी घरी येऊन हे आजोबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आपोआप? अरे, रात्री दोनला कंदील घेऊन पाटाची दारं बघत फिरायचो मी. पावणे जेवायला बोलवायचे, दोन वाफे जास्त भिजावेत म्हणून. त्यांच्याकडे जेवलो की दुसऱ्या दिवशी फडाचे जागल्या, हवालदार, सगळे माझ्याकडे बघायचे." त्यांच्या पायाला कायम चिखलाच्या भेगा होत्या. बोटांच्या बेचक्यात. लग्नाला जाताना चुना-हळद भरून जायचे.

म्हणून मला 'आपोआप' हा शब्द खटकतो. लांबून बघणाऱ्याला तो आपोआप दिसतो. जवळ गेलं की कुणाचे तरी पाय भिजलेले असतात.

दहीपूल
@पाटकऱ्याचा_नातू, प्रतिसाद सुंदर, पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. तुमच्या आजोबांना साहेबाने नेमलं नव्हतं, गावाने नेमलं. वरून आलेला नियम आणि आतून उगवलेला नियम यात फरक आहेच.

पाटकऱ्याचा_नातू
फरक आहे, मान्य. पण आतून उगवलेल्यालाही रोज राखण लागते. तुम्ही म्हणता सोडून द्या. आजोबांनी एक रात्र सोडून दिलं असतं तर सकाळी कुऱ्हाडी निघाल्या असत्या.

सोसायटी_सेक्रेटरी
आमच्या पार्किंगमध्ये सहा वर्षं सगळं मोकळं सोडलेलं आहे. स्वयंसंघटन कधी सुरू होतं कुणी सांगेल का?

तर्री_जास्त
@सोसायटी_सेक्रेटरी, झालंय की. सगळे एकजुटीने तुमच्या विरोधात. 😄

रामकुंड_२०१५
मी २०१५ च्या सिंहस्थात स्वयंसेवक होतो. पर्वणीच्या आदल्या संध्याकाळी घाटाकडे येणारे आणि परतणारे एकाच रस्त्यावर. आम्ही दोरी लावायच्या आतच दोन धारा झाल्या होत्या. समोरून येणाऱ्याला चुकवायला माणूस जरा सरकतो आणि आपल्या दिशेने जाणाऱ्याच्या पाठीमागे लागतो, तिथे कमी धक्के बसतात म्हणून. त्याच्या मागे तिसरा. बघता बघता रांग. गर्दीचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं माहीत आहे, डिर्क हेल्बिंग या शास्त्रज्ञाने याची गणितंही मांडली आहेत.

पण हे जागा आहे तोवरच. चौरस मीटरला पाच-सहाच्या वर माणसं गेली की पावलं आपली राहत नाहीत. अंगाला अंग लागतं, धक्का पाण्यासारखा वाहतो, आणि मागच्याला पुढे काय झालंय ते कळत नाही. २००३ च्या सिंहस्थात इथेच ३९ जण गेले. त्या गर्दीतही प्रत्येकाला फक्त पुढेच जायचं होतं. २०२७ समोर आहे, म्हणून दहीपूल यांना हात जोडून विनंती, बॅरिकेड काढा म्हणू नका.

दहीपूल
हे मान्य. शब्द मागे घेतो. सिग्नलपुरता ठेवतो.

सातपूरचा_फिटर
पहिल्यापासून सगळं वाचलं. पक्षी झाले, कांदा झाला, भात झाला. एक साधी गोष्ट कुणीच विचारली नाही.

आमच्याकडे मशीन अचानक नीट चालायला लागलं की आम्ही खूश होत नाही, घाबरतो. कारण कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं आणि सांगितलेलं नसतं. गोदाकाठचा, सिग्नल बंद होता ही एक गोष्ट. त्या चार दिवसांत तिथे दुसरं काय बदललं होतं? शाळांना सुटी होती? कुठला रस्ता खोदला होता? आठवू नका, जाऊन विचारा.

आणि द्राख्तेनबद्दल दुरुस्ती. तिथल्या मोठ्या चौकात नुसते सिग्नल काढले नव्हते, वळसा घालून जायचा गोल चौक केला होता. अर्धीच गोष्ट सांगता तुम्ही लोक.

गोदाकाठचा
@सातपूरचा_फिटर, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

आज वडापाववाल्या अण्णांकडे जाऊन अर्धा तास उभा राहिलो. तीन वडापाव खावे लागले, त्याशिवाय अण्णा बोलत नाहीत. हकीकत अशी. त्या रविवारी रात्री कसल्याशा कामाला आलेल्या जेसीबीने केबल तोडली, म्हणून सिग्नल गेला. त्याच जेसीबीचं चाक चौकाच्या जवळजवळ मधोमध असलेल्या चेंबरवरून गेलं आणि झाकण फुटलं. सकाळी एक दुचाकीवाला त्यात पडता पडता वाचला. मग अण्णांनी मागच्या मोकळ्या प्लॉटमधून बाभळीची एक चांगली डोक्याएवढी उंच फांदी तोडून आणली, चेंबरमध्ये खोचली आणि तिला बटाट्याचं रिकामं पोतं बांधलं, अंधारात दिसावं म्हणून.

चार दिवस अख्खा चौक त्या फांदीला उजव्या हाताला ठेवून फिरत होता. काटे लागतील म्हणून कुणी आत घुसत नव्हतं. उजवीकडे वळणारे, जे एरवी मधोमध आडवे होऊन सगळ्यांना अडवतात, तेही मुकाट वळसा घालत होते. शुक्रवारी केबल जोडली आणि झाकणही बसवलं. अण्णांनी फांदी काढून भट्टीत घातली.

सगळ्यात लाज कशाची वाटते सांगू? मी रोज त्या फांदीला वळसा घालून गेलोय. घरी येऊन तुम्हाला एवढा धागा लिहिला. आणि मला ती फांदी दिसलीच नव्हती.

काचकंगोरा
हसून हसून पुरेवाट! पोत्याचं वर्णन तर कहर.

पाटकऱ्याचा_नातू
बघा, निघाले ना कुणाचे तरी हातपाय खरचटलेले.

दहीपूल
पण अण्णांना कुठे चौक सुरळीत करायचा होता? त्यांना फक्त कुणी पडू नये एवढंच हवं होतं. गोल चौक तर उगवलाच!

मुळाक्षर
आता दोघंही बरोबर आहात. फांदी अण्णांची, वळसा सगळ्यांचा. भाताच्या बाबतीत पातेलं आईचं असतं, तसं. पातेलं बदललं की डोळेही बदलतात, उथळ परातीत वेगळे पडतील. करून बघणार होतो, पण सौ. नी गॅसकडे जायला मनाई केली आहे.

सोसायटी_सेक्रेटरी
बाभळीच्या फांद्या पार्किंगसाठी किती लागतील? चौदा गाड्या, एक पाण्याची टाकी.

उन्हाळ_कांदा
कितीही न्या. माझ्या बांधावर बाभळीच बाभळी आहेत. येताना रिकामी पोती तेवढी आणा, इथे सगळी कांद्यात गुंतली आहेत.

गोदाकाठचा
मी उद्या अण्णांना विचारलं, आता झाकण बसलंय तर फांदी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंटने रोवून ठेवू का म्हणून...

सातपूरचा_फिटर
उद्या विचारलं?

गोदाकाठचा
विचारणार आहे हो! वडापाव जास्त झालेत.